जॅकवेलची जाळी आणि थंडी न सोसणारा पाणबुड्या

प्रकरण भंडारा जिल्ह्यातल्या पवनी तालुक्यातलं, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरच्या काठावरचं. पाणबुड्या २६ वर्षांचा, ढिवर समाजातला, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ५१ किलो. पुरात बचावाला जाणाऱ्या पोरांचं एक पथक आहे, त्यातल्या काहींनी मालवणला जाऊन स्कूबाचं रीतसर शिक्षण घेतलं, त्यांतला हा एक. पूर काही बारमाही येत नाही. एरवी हे पथक पाण्याखालची कामं उक्ती घेतं: बुडालेली मोटर काढायची, बंधाऱ्याच्या दारात अडकलेला ओंडका सोडवायचा, नळयोजनेच्या जॅकवेलची, म्हणजे पंप जिथून पाणी उचलतो त्या विहिरीची, जाळी साफ करायची. या पोरांच्या वार्षिक तपासण्या आमच्या ग्रामीण रुग्णालयात होतात, म्हणून हे माझ्याकडे आलं. त्याच्या आणि पथकप्रमुखाच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पथकात त्याची ख्याती एकच. ‘याले त चैतातही हुडहुडी भरते.’ चेष्टा प्रेमाची, पण तिचा परिणाम असा झाला होता की थंडी वाजली तरी तो सांगत नसे.

त्या दिवशी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा, सकाळी सातला हवा ९ अंश. विदर्भ म्हटलं की बाहेरच्यांना मे महिन्यातले ४६ अंश आठवतात. पण नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, आणि आमचा झाडीपट्टीचा भाग हिवाळ्यात काही त्याहून ऊबदार नसतो. पाण्याचं तापमान डाइव्ह कॉम्प्युटरवर २० अंश. उन्हाळ्यात जलाशयात वर कोमट आणि खाली गार असे थर असतात. हिवाळ्यात वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं आणि थर मोडतात. म्हणून वर २० तर तळाशीही २०च.

वीस अंश हा आकडा हवेत गुलाबी वाटतो. पाण्यात तसा हिशोब नाही. उघड्या अंगाने, हालचाल न करता पाण्यात राहायचं आणि उष्णता गमवायची नाही, तर पाणी ३३ ते ३५ अंशांचं लागतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं. मालवणच्या समुद्रात २७-२८ अंशांत पातळ वेटसूटवर, म्हणजे पाणबुड्याच्या अंगालगतच्या रबरी सूटवर, याचं निभावलं होतं, आणि तोच सूट घेऊन तो इथे उतरत होता.

काम ९ मीटर खोलीवर. पंप बंद, स्टार्टरचे फ्यूज काढून ते वर राहून पाणबुड्याचा दोर धरणाऱ्याच्या खिशात. चालू पंपाच्या ओढीने माणूस जाळीला चिकटला तर सुटत नाही, म्हणून ही रीत पथक कटाक्षाने पाळतं, त्याबद्दल त्यांना पूर्ण गुण. जाळीत जलपर्णीची मुळं, प्लास्टिक, तुटक्या मासेमारी जाळ्यांचे गुंते. पाणी इतकं गढूळ की हात डोळ्यांचं काम करतात. डाव्या हाताने जाळीचा गज धरायचा आणि उजव्या हातातल्या विळ्याने गुंता कापायचा. पाय जवळजवळ स्थिर. पोहणारा माणूस स्नायूंच्या कामातून उष्णता तयार करत असतो, जाळी साफ करणारा करत नाही. पट्टीचा पोहणारा असूनही तो इथे गारठला, त्याचा अर्धा उलगडा यातच आहे.

पहिली बुडी ४५ मिनिटांची, काही तक्रार नाही. वर आल्यावर सिलिंडर बदलायला आणि योजनेच्या ऑपरेटरशी हुज्जत घालायला मिळून पाऊण तास गेला. तेवढा वेळ तो ओल्या सूटमध्ये नावेच्या टोकाशी उत्तरेच्या वाऱ्यात बसून होता. दुसऱ्या बुडीत विसाव्या मिनिटाच्या आसपास दोर धरणाऱ्याने एक झटका दिला, म्हणजे ‘ठीक आहेस?’ उत्तर एका झटक्याचं यायला हवं. ते उशिरा आलं आणि दोन झटक्यांचं आलं. पुन्हा विचारलं, तर काहीच नाही. दोर धरणारा त्याचा चुलतभाऊ होता. वाट न पाहता त्याने वर घेण्याचा इशारा दिला. माझ्या मते त्या दिवसातला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

वर आला तेव्हा शुद्धीत होता, थरथरत होता, ओठ निळसर. बीसीडीचं, म्हणजे तरंगणं सांभाळणाऱ्या हवा भरायच्या जाकिटाचं, बकल त्याला उघडता येईना. बोटं बकलवर नुसती फिरत होती. विळा खालीच राहिला, हे त्याला सांगावं लागलं. बोलणं जडावलेलं.

काठावर सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी मोहाची बाटली आणायला निघालं. कुणी तळपाय चोळायला बसलं. कुणी म्हणालं, याला काठावर दोन चकरा मारू द्या, आपोआप गरम होईल. तिन्ही गोष्टी नेमक्या करायच्या नसतात. दारूने कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर जाते. हातपाय चोळले किंवा चालायला लावलं की गारठलेल्या हातापायांतलं थंड रक्त छातीकडे परततं आणि बाहेर काढल्यावरही गाभ्याचं तापमान आणखी उतरतं. पथकप्रमुखाने त्याला पंपहाउसमध्ये आडोशाला नेलं, सूट कापायची पाळी न येता उतरवला, अंग टिपून कोरडं केलं, आधी छाती-पोट आणि मग बाकीचं अंग घोंगड्यात गुंडाळलं. गिळता येतंय आणि नीट उत्तरं देतोय याची खात्री करून गुळाचा गरम चहा थोडाथोडा दिला. शेकोटी पेटवली होती, पण बधिर हात आगीशी धरू दिले नाहीत. बधिर कातडीला भाजल्याचं कळत नाही.

मी पोचलो तेव्हा अर्धा-पाऊण तास होऊन गेला होता. काखेतलं तापमान ३४.६ अंश. ओल्या, गारठलेल्या काखेतल्या आकड्यावर फार विसंबू नये. गाभ्याचं तापमान ३५ च्या खाली गेलं की हायपोथर्मिया म्हणतात, ३२ ते ३५ सौम्य. थरथर चालू, शुद्ध चांगली, बोलणं सुधारतंय, हे चित्र सौम्यच्या बाजूचं. थरथर थांबूनही माणूस गारच असता तर मी लगेच नागपूरला हलवलं असतं. बोटांचा बधिरपणा डीकम्प्रेशनचा, म्हणजे दाबाखालून वर येताना अंगात सुटणाऱ्या वायूच्या बुडबुड्यांचा, तर नाही ना, हेही पाहावं लागलं. पण ९ मीटरवर दोन्ही बुड्या मिळून तासाच्या थोडं वर होत होत्या, आणि या खोलीवर साध्या हवेवर न थांबता वर येण्याची मुदत तीन तासांहून जास्त आहे. बधिरपणा दोन्ही हातांना सारखा, सांधेदुखी नाही, चालणं सरळ, आणि ऊब येताच बोटं परत कामाला लागली. तासाभरात तापमान ३६.४.

मी विचारलं, ‘थंडी वाजत होती तर वर का नाही आलास?’

‘थंडी नव्हती वाजून राहिली ना जी. हातच चालत नव्हते.’

हे वाक्य मी केस पेपरवर जसंच्या तसं लिहून ठेवलं. हात आधी जातात, नंतर विचार मंदावतो, आणि विचार मंदावला की थंडीची जाणीवही भरवशाची राहत नाही. ‘वाजली की सांग’ या सूचनेला पाण्याखाली त्यामुळे काही अर्थ उरत नाही.

तो बारीक आहे, एवढंच का?

पथकाचं निदान तयार होतं: अंगात मांस नाही, म्हणून थंडी. ते खोटं नाही. कातडीखालची चरबी हेच शरीराचं अस्तर, आणि बारीक माणसाच्या वजनाच्या मानाने त्वचेचं क्षेत्रफळ जास्त असतं. पण त्याच्याच अंगकाठीचा दुसरा एक पोरगा त्याच दिवशी तितकाच वेळ पाण्यात होता आणि त्याला फक्त हुडहुडी भरली. म्हणून आणखी शोधलं.

थंडी सोसवत नाही म्हणणाऱ्याची तपासणी काय करायची, हे ठरलेलं आहे. थंडीत बोटं पांढरीफटक पडून मग निळी-लाल होतात का? नाही. गार पाण्याने अंगावर पित्ताच्या गाठी उठतात का? नाही. हा प्रश्न पाणबुड्याला विचारलाच पाहिजे, कारण सगळं अंग गार पाण्यात असताना तशी प्रतिक्रिया आली तर जिवावर बेतू शकते. रक्तदाबाची किंवा इतर कसली गोळी चालू आहे का? नाही. थायरॉइड नॉर्मल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी आमच्या भागात टाळून चालतच नाही. थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि श्रम ही तिन्ही सिकलसेलच्या वेदनेला निमंत्रणं आहेत, आणि पाणबुड्याच्या एका सकाळीत तिन्ही एकत्र भेटतात. चाचणी निगेटिव्ह आली. हिमोग्लोबिन मात्र १०.२, लोहाच्या कमतरतेचं. सव्विशीच्या पुरुषात हे बरंच कमी. लोह कमी असलं की शरीराला पुरेशी उष्णता तयार करता येत नाही, आणि काम करताना धापही लवकर लागते.

मग सकाळी काय खाल्लं, ते विचारलं. कोरा चहा आणि खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी. थरथरणं हेही कष्टाचं काम आहे, त्याला इंधन लागतं, आणि हा रात्रीच्या जेवणावर आला होता. खर्ऱ्यातल्या निकोटीनने कातडीकडच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे बोटांना आधीच जे थोडं रक्त मिळणार होतं त्यातही कपात. पाणीही तो मुद्दाम प्यायला नव्हता, कारण सूटमध्ये लघवी लागते. थंड पाण्यात बुडाल्यावर हातापायांतलं रक्त धडाकडे सरकतं, शरीराला पाणी जास्त झाल्यासारखं वाटतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर टाकतात. कमी पाणी पिऊन लघवी थांबत नाही, अंग तेवढं कोरडं पडतं.

सूट

सूट त्याचा नव्हताच. किनाऱ्यावरून जुना घेतलेला, ३ मिलिमीटरचा, त्याच्यापेक्षा धिप्पाड माणसाच्या मापाचा. त्याला तो अंगात घालायला लावला आणि पुढे वाकायला सांगितलं. कमरेच्या खळग्यात माझा पंजा आडवा मावला. सरळ उभा राहिला की पोकळी मिटायची, वाकला की उघडायची, आणि जाळीवर तर तो दर मिनिटाला वाकत होता. प्रत्येक वाकण्याला तो सूट लोहाराच्या भात्यासारखा गळ्यातून गार पाणी ओढत होता आणि अंगाने तापवलेलं पाणी बाहेर फेकत होता. वेटसूटची सगळी मदार अंगालगत अडकलेलं पाणी जागेवर राहण्यावर असते. तेच बदलत राहिलं तर सूट घालून न घातल्यासारखं.

दुसरी गोष्ट जाडीची. सूटच्या रबरात, म्हणजे निओप्रीनमध्ये, वायूचे बारीक बुडबुडे असतात आणि ऊब तेच राखतात. ९ मीटरवर दाब पृष्ठभागाच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे बुडबुडे निम्म्याच्या आसपास आकसलेले. नव्या सूटचीही ऊब खाली घटते. याचा तर गुडघ्यांवर आणि पाठीवर वर्षानुवर्षं चेपून कागदासारखा पातळ झालेला होता. बोटांनी दाबून पाहिलं तर तिथे दाबायला काही उरलंच नव्हतं. हूड नाही, हातमोजे नाहीत. सगळी उष्णता डोक्यातूनच जाते असं लोक म्हणतात ते अतिशयोक्त आहे, डोकं म्हणजे त्वचेचा जेमतेम दहावा भाग. पण हातापायांच्या रक्तवाहिन्या थंडीत आकसतात तशा डोक्याच्या फारशा आकसत नाहीत, म्हणून उघडं डोकं आपल्या वाट्यापेक्षा जास्त उष्णता घालवतं.

तरी सूटला पहिला आरोपी ठरवायला मी तयार नाही. पहिल्या बुडीत याच सूटवर त्याने ४५ मिनिटं काढली होती. घात झाला तो मधल्या पाऊण तासात. सूटच्या बाहेरचं कापड ओलं, त्यावर कोरडा वारा. एक लिटर पाणी सुकायला सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते आणि त्यातली बरीचशी त्याच्या अंगातून वसूल होत होती. दुसऱ्यांदा उतरला तेव्हा तो आधीच कर्जात होता.

पथकातल्या एका ज्येष्ठाला हे सगळं थोतांड वाटलं. ‘आमी त पंचा नेसून दिवसभर तलावात राहत होतो गा. सूट कायचा नि बूट कायचा!’ त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. रोज गार पाण्यात उतरणाऱ्याचं शरीर खरंच बदलतं. कोरियाच्या हेन्यो, म्हणजे समुद्रात बुडून शिंपले गोळा करणाऱ्या बाया, सुती कपड्यांत हिवाळ्यातही उतरत आणि त्यांच्या शरीराने थंडीशी जमवून घेतल्याचं मोजमापांत दिसलं होतं. १९७० च्या दशकात त्यांच्याकडे वेटसूट आले आणि काही वर्षांत ते जुळवून घेणं ओसरलं. म्हणजे सवय रोज कमवावी लागते. महिन्यातून एखाद्या वेळी उतरणाऱ्या पोराला ती आजोबांकडून वारशाने मिळत नाही. शिवाय आजोबा थंडी वाजली की काठावर येत, त्यांना ९ मीटर खाली दोर बांधलेला नसे.

काय बदललं

आधी बिनपैशाच्या गोष्टी. काम सातऐवजी अकराला सुरू. ग्रामपंचायतीला हे पटवणं जड गेलं, कारण पंप बंद म्हणजे नळ बंद आणि सकाळचं पाणी गेलं की सरपंचाच्या दारात बाया येतात. तोडगा असा निघाला की टाकी आदल्या रात्री भरून घ्यायची. नावेवर वाऱ्याच्या बाजूला ताडपत्री, आणि दोन बुड्यांमध्ये वीस मिनिटांपेक्षा जास्त वेळ जाणार असेल तर सूट उतरवून पंपहाउसमध्ये कोरडे कपडे घालायचे. गार ओला सूट पुन्हा चढवणं हा शिक्षेचाच प्रकार आहे, पोरांनी कुरकुर केली, पण चढवतात. उतरण्याच्या दोन तास आधी भात, डाळ, वर गूळ. पाणी प्यायचं. खर्रा काम संपल्यावर. ही अट किती पाळली जाते त्याची मी खातरजमा करत नाही.

लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध सुरू केलं. तीन महिन्यांनी रक्त पुन्हा पाहायचं ठरलं.

खर्चाच्या गोष्टींत सगळ्यात आधी हूड जोडलेलं ३ मिलिमीटरचं बिनबाह्यांचं आतलं जाकीट घेतलं. नव्या जाड सूटपेक्षा ते स्वस्त पडतं, धडावर जाडी वाढवतं आणि मानेतून शिरणारं पाणी अडवतं. नुसत्या या जाकिटाने जुन्या सूटची पाठ बरीच भरून निघाली. त्याबरोबर बुडण्यासाठी अंगावर बांधायचं शिसं पुन्हा तोलावं लागलं. निओप्रीन वाढलं की माणूस तरंगतो, वजन वाढवावं लागतं. उलट मालवणच्या खाऱ्या पाण्यातून गोड्या पाण्यात आलं की दोन-तीन किलो कमी लागतात. पोरं समुद्रातला आकडाच पाठ म्हणत होती. काठाशी उथळात उभं करून तोलून घेतलं, कारण जास्तीचं शिसं म्हणजे जास्तीचे श्रम आणि जास्तीची हवा. गारठलेला माणूस तशीही हवा लवकर संपवतो.

हातमोज्यांचं कोडं पूर्ण सुटलेलं नाही. जाड मोजा घातला तर गढुळात गुंता आणि गज यांतला फरक बोटांना कळत नाही, पातळ घातला तर विसाव्या मिनिटाला बोटंच राहत नाहीत. सध्या गज धरणाऱ्या डाव्या हातात ५ मिलिमीटरचा आणि विळा धरणाऱ्या उजव्या हातात पातळ मोजा, अशी विजोड जोडी चालते. उतरण्याआधी थर्मासमधलं कोमट पाणी, मनगटावर तपासून, मोज्यांत आणि सूटच्या गळ्यातून ओततात. त्याने सूटमध्ये शिरणारं पहिलं पाणी गार राहत नाही.

एकाने मोबाइलवर बॅटरीवर तापणारं जाकीट दाखवलं. मी नको म्हटलं, आणि कारण फक्त पैशाचं नव्हतं. अमेरिकी नौदलाच्या २००७ च्या एका अभ्यासात पाणबुडे तळाशी ऊबदार आणि वर येताना गार राहिले तर डीकम्प्रेशनचा धोका वाढतो असं दिसलं. तळाशी गार आणि वर येताना ऊबदार हा क्रम सुरक्षित ठरला. त्या प्रयोगातलं ‘गार’ पाणी २७ अंशांचं होतं, ऊबदार ३६ चं. खाली काम करताना तापणारं आणि बॅटरी संपून वर येताना गार पडणारं जाकीट म्हणजे नेमका उलटा क्रम. आमच्या ९ मीटरला त्याचा फार बाऊ करायची गरज नाही, पण हीच पोरं उद्या खोल विहिरीत किंवा खाणीच्या डबऱ्यात उतरतील. बुडी संपताच कढत पाण्याने अंघोळ नको, हेही डीकम्प्रेशनच्याच धास्तीने सांगितलं.

आणि नियम दोन. खाली दर दहा मिनिटांनी अंगठा करंगळीच्या टोकाला टेकवून पाहायचा. टेकला नाही तर काम जिथे असेल तिथे सोडून वर. दुसरा, कुणालाही न आवरणारी थरथर सुटली की त्या माणसाचं त्या दिवशीचं पाणी संपलं, मग जाळी अर्धी राहिली तरी चालेल. पथकाने स्वतःहून त्यात भर घातली: बुडीची वेळ सगळ्यांत लवकर गारठणाऱ्याच्या हिशोबाने ठरवायची. आता ती पंचवीस मिनिटं आहे. ज्याची चेष्टा व्हायची त्याच्यावरून पथकाचं घड्याळ लागलं, हे मला आवडलं, पण त्याचा हिशोबही आहे. बुड्या वाढतात, सिलिंडर जास्त भरून आणावे लागतात, आणि उक्त्या कामात तो खर्च पोरांच्या खिशातून जातो. पुढच्या कामाचा दर बुड्यांवर ठरवा, असं मी ग्रामसेवकाला लिहून दिलं आहे. उत्तर आलेलं नाही.

फेब्रुवारीत दुसऱ्या एका गावच्या जाळीवर तो उतरला. पाणी २२ अंश. दुसऱ्या बुडीत अठराव्या मिनिटाला करंगळी चुकली आणि तो स्वतःहून वर आला. काखेत ३६.१, बकल स्वतः उघडलं. थंडी वाजलीच, ती वाजतच राहणार. हिमोग्लोबिन मार्चअखेर ११.८ होतं, म्हणून गोळ्या आणखी तीन महिने. मापाचा ५ मिलिमीटरचा सूट अजून घेतलेला नाही. पावसाळ्याआधी वर्गणी जमली तर घेऊ म्हणतात, आणि मी छाती, कंबर, मांडी, मनगट यांची मापं घेऊन त्याच्या केस पेपरला जोडून ठेवली आहेत.